किरारीच्या खांबापाशी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातवंडं आली, की तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी रोज सकाळी एकच चर्चा: आज पोरांना कुठे न्यायचं? नवा रायपूरची जंगल सफारी झाली, मॉल दोनदा झाला, तेलीबांधा तलावाच्या काठी आइस्क्रीम खाऊन झालं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, उद्या घासीदास संग्रहालयात जाऊ. माझे धाकटे दीर दोन दिवसांसाठी आले होते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "वहिनी, मला हे पटत नाही."

भाऊजींची उभी नोकरी वनखात्यात गेली, त्यातली बरीचशी बस्तरमध्ये. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना काय दाखवावं आणि कसं दाखवावं, याबद्दल आम्हा दोघांची मतं पक्की आहेत आणि ती जुळत नाहीत. हा वाद आम्ही थोडा घरी घातला, थोडा संग्रहालयात, आणि उरलेला तिथल्याच आवारातल्या गढकलेवा या खाण्याच्या ठिकाणी चिला खाताना. आठवतो तसा लिहिते आहे. सुट्टी लागली की हा प्रश्न घरोघरी निघतो.

भाऊजी: संग्रहालयात मुलाला नेणं म्हणजे पुढ्यात ताट वाढून हात बांधून ठेवणं. नऊ वर्षांचं पोर डोळ्यांनी बघतं त्याच्या दुप्पट हातांनी बघतं. तिथे पहिली पाटी कसली? 'हात लावू नका.' पाटी असायलाच हवी, पाटीबद्दल माझी तक्रार नाही. आपण जागा चुकीची निवडतो. कोंडागावला न्या ना! घडव्याच्या, म्हणजे पितळी मूर्ती ओतणाऱ्याच्या, अंगणात मातीचा गाभा करतात, त्यावर मेणाचा बारीक दोरा गुंडाळतात, त्या दोऱ्यानेच डोळे, दागिने, हत्तीची झूल सगळं काढतात. वरून पुन्हा मातीचा लेप. मग भट्टी. मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पितळ उतरतं. माती फोडली की आत हत्ती. हे ज्या मुलाने एकदा पाहिलं, मेणाचा दोरा स्वतःच्या तळव्यांत वळून बघितला, त्याला मूर्ती कशी होते ते पुन्हा सांगावं लागत नाही.

मी: कोंडागाव इथून दोनशे किलोमीटरच्या वर आहे, भाऊजी. संग्रहालय रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. सोय म्हणून हे सांगत नाही. जवळच्या जागी पुन्हा पुन्हा जाता येतं. मूल मावशीकडे पहिल्यांदा जातं तेव्हा आईच्या पदराआड उभं राहतं; चौथ्या वेळी थेट स्वयंपाकघरात शिरून डबे उघडतं. संग्रहालयाशी मुलाची ओळख तशीच व्हावी लागते. आपण मात्र एकदाच नेतो, दमवून आणतो आणि मग म्हणतो, मुलांना हे आवडत नाही.

भाऊजी: दमवतात ते खरं. नागपूरला आम्हाला अजब बंगल्यात नेलं होतं, मी आठ वर्षांचा असेन. वडील प्रत्येक पाटीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, वाच. मी दोन तास पाट्या वाचल्या. त्यातली एक वस्तू आज डोळ्यांपुढे येत नाही. वडिलांचं बोट तेवढं येतं. आणि तुमच्या नातवाचं काय झालं गेल्या वर्षी? तुम्हीच सांगितलंत.

ते मीच सांगितलं होतं. एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात थोरल्याने चित्रापुढच्या कठड्यावर हात टेकवला. पहारेकरी एवढ्या जोरात ओरडला की दालनातली माणसं वळून बघायला लागली. पुढचा सगळा वेळ पोरगा दोन्ही हात खिशात घालून चालत होता. घरी आल्यावर कुणी विचारलं, काय पाहिलंस, तर तो गप्प राहिला.

मी: त्याला माझ्याकडे उत्तर नाही. उलट मी त्यात भरच घालते. शाळेत असताना मीसुद्धा साठ-साठ मुलांची रांग करून नेली आहे. पुढच्याच्या पाठीकडे बघत चालायचं, बोलायचं नाही, एका दालनाला चार मिनिटं. परत आल्यावर निबंध: 'आमची संग्रहालयाला भेट.' त्यात मुलं बसबद्दल लिहायची, डब्याबद्दल लिहायची, मूर्तींबद्दल एक ओळ. ते निबंध मी वर्षानुवर्षं तपासले आणि खोट मुलांमध्ये आहे असं समजत राहिले. हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. म्हणून आता माझा नियम ठरला आहे. एक तास, आणि तीन वस्तू. चौथी बघायची नाही.

भाऊजी: सबंध संग्रहालयात तीन? पोरांचा बाप म्हणेल, आलोच आहोत तर सगळं बघून जाऊ.

मी: देवळात गेल्यावर आपण प्रत्येक खांब बघतो का? दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो, पायरीवर घटकाभर टेकतो आणि निघतो. कुणी म्हणत नाही की देऊळ अर्धंच पाहिलं. ही रीत आपल्याकडे आहेच, ती इथे लावायची.

भाऊजी: देवळाचं नाव तुम्ही काढलंत म्हणून बोलतो. देवळातल्या मूर्तीला तेल लागतं, कुंकू लागतं, बाई तिच्याशी बोलते. तीच मूर्ती इथे आणून ठेवली की तिला क्रमांक मिळतो. मुलाला काय कळणार त्यातून? आपण सगळे तालाला गेलो होतो तेव्हाचं आठवा.

आठवत होतं. बिलासपूरच्या वाटेवर, मनियारी नदीच्या काठी तालाला देवरानी-जेठानीची देवळं आहेत, आणि तिथे 1988 साली सापडलेली ती अद्भुत मूर्ती, जिला लोक रुद्रशिव म्हणतात. पुरुषभर उंचीहून मोठी, टनावारी वजनाची, आणि सगळं अंग प्राण्यांचं: डोक्याला सापांचा फेटा, नाकाच्या जागी सरडा, कानांच्या जागी मोर, खांद्यांवर मगरी, हनुवटीला खेकडा. छातीवर, पोटावर, मांड्यांवर माणसांचे चेहरे. आमची धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. तिने बोट करून एकेक प्राणी शोधला आणि खेकडा सापडल्यावर टाळ्या पिटल्या. नदीचा वारा होता, मागे पडक्या देवळाचे दगड होते. भाऊजींचं म्हणणं एवढंच की या टाळ्या दालनात वाजत नाहीत.

मी: तालाचा शिवही आता जाळीच्या दाराआडच असतो, भाऊजी. उघड्यावर कुणी ठेवणार नाही आणि ठेवूही नये. आणि सिरपूरच्या मूर्तींचं काय? 1939 च्या सुमारास तिथे पंचधातूच्या बौद्ध मूर्तींचा साठा निघाला, सातव्या-आठव्या शतकातला. काहींच्या डोळ्यांत चांदी भरलेली आहे. त्या साठ्याची पांगापांग झाली. काही मूर्ती आपल्या रायपुरात राहिल्या, काही बाहेर गेल्या, आणि त्यातली तारा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. छत्तीसगडच्या मुलाला ती बघायची तर समुद्र ओलांडायला हवा. ज्या इथे उरल्या त्या तरी आपल्या मुलांनी बघाव्यात, एवढं मागणं जास्त आहे का? आणि तुमचे घडवे ज्या रीतीने मेण वितळवून हत्ती करतात, तीच रीत सिरपूरच्या त्या कारागिरांची होती. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी असाच मेणाचा दोरा वळला असेल. हे मुलाला कळायला दोन्ही बघावं लागतं.

भाऊजी: मग आधी कोंडागाव.

मी: आधी जे जवळ आहे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. निघताना मी दोन लहान वह्या आणि दोन पेन्सिली पिशवीत टाकल्या. मोबाइल घरी ठेवायला सांगितलं. थोरला कुरकुरला, पण ऐकलं.

रायपूरच्या या संग्रहालयाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शहरात वर्षानुवर्षं राहणारी माणसंही त्याच्यावरून नुसती जातात. राजनांदगावचे संस्थानिक महंत घासीदास यांनी 1875 साली ते सुरू केलं. देशातल्या अगदी जुन्या संग्रहालयांपैकी हे एक. (नावामुळे घोटाळा होतो म्हणून सांगते: सतनाम पंथाचे गुरू घासीदास वेगळे.) सुरुवातीचा संग्रह एका अष्टकोनी इमारतीत होता. पुढे राजनांदगावच्या राणी ज्योतीदेवी आणि त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांनी देणगी दिली, नवी इमारत उभी राहिली आणि 1953 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात, आणि त्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर. त्यामुळे जुन्या मराठी घरांमधून या जागेबद्दल आपलेपणाने बोललं जायचं. माझे सासरे इथे दर महिन्याला यायचे आणि एकाच शिलालेखापुढे उभे राहायचे. कोणत्या, ते मी कधी विचारलं नाही.

आत शिरल्यावर धाकटी पळत सुटली. थोरल्याने विचारलं, वाघ कुठे आहे? मी कुणालाच अडवलं नाही. पहिली दहा मिनिटं मुलांची असतात. जागा मोठी आहे, गार आहे, आवाज घुमतो, हे सगळं त्यांना अंगाने बघायचं असतं. मग मी त्यांना किरारीच्या खांबापाशी घेऊन गेले.

दिसायला तो काही नाही. जुनं, वाळलेलं, चिरा पडलेलं लाकूड. शेजारी रेखीव दगडी देवदेवता असताना या लाकडाकडे कुणाची नजर वळत नाही. थोरला म्हणाला, "आजी, हा तर ओंडका आहे." मी म्हटलं, बैस, या ओंडक्याची गोष्ट सांगते. आम्ही तिघं फरशीवरच बसलो. भाऊजी मागे उभे राहिले, हाताची घडी घालून.

मी सांगितलं ते असं. महानदीच्या बाजूला चंद्रपूर नावाचं गाव आहे. आपलं ताडोबाचं चंद्रपूर नव्हे, हे छत्तीसगडचं. त्याच्या जवळ किरारी. तिथे हिराबांध नावाचा तलाव. 1921 साली पाऊस नव्हता, तलाव आटला. गावकरी तळाचा गाळ काढायला उतरले, शेतात टाकायला. गाळात कुदळ लागली ती या खांबाला. बिजाचं लाकूड, तळ्याच्या चिखलात उभं. किती वर्षं? जवळजवळ अठराशे. पाण्याखाली हवा लागत नाही, म्हणून ते कुजलं नाही. बाहेर काढलं तेव्हा त्यावर अक्षरं होती, ब्राह्मी लिपीतली, आपल्या नाशिकच्या लेण्यांमधल्या अक्षरांच्या वळणाची. सातवाहनांच्या काळातली.

मग ते ओलं लाकूड उन्हात पडलं. उन्हाने वाळायला लागलं, आणि वाळता वाळता त्याचे ढलपे निघायला लागले. ढलप्याबरोबर अक्षरंही जायला लागली. गावात पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय राहायचे. त्यांनी ते पाहिलं आणि कागद घेऊन बसले. जे अक्षर दिसेल ते जसं दिसतं तसं काढत गेले, साडेतीनशेच्या आसपास अक्षरं. लिहिणं नव्हे ते, चित्र काढणंच. ही लिपी काही रोज वाचनातली नव्हती. पुढे हिरानंद शास्त्रींनी त्या नकलेवरून लेख वाचला आणि छापला. आज खांबावर फारच थोडी अक्षरं उरली आहेत. त्या माणसाने काढून ठेवलं नसतं, तर इथे खरोखर नुसता ओंडकाच असता.

थोरला उठून खांबाच्या जवळ गेला. हात खिशात. पहारेकऱ्याने बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबू, थोड़ा दूर से, आराम से देखो." पोराचे खांदे खाली आले. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

"आजी, काय लिहिलं होतं?"

कामं करणाऱ्यांची यादी, मी सांगितलं. राजाची स्तुती नाही, देवाचं स्तोत्र नाही. नगराची राखण करणारा, सेनापती, दारावरचा प्रतिहार, हिशेब ठेवणारा गणक, भांडारावरचा भांडागारिक, हत्तीवरचा, घोड्यावरचा, रथावरचा, मुदपाकखाना सांभाळणारा महानसिक, धावत निरोप नेणारा धावक, गाईगुरांवर देखरेख करणारा, पत्रं पोचवणारा. अठराशे वर्षांपूर्वीची माणसं, काहींचीच नावं आहेत, बाकीची नुसती आपापल्या कामाने ओळखली जाणारी. भांडार, लेख, हत्ती हे शब्द आपण आजही बोलतो, हे सांगितल्यावर थोरल्याने वहीत ब्राह्मीसारखी काही अक्षरं काढून त्याखाली आपल्या घरातल्यांची कामं लिहायला घेतली. आजोबांना गणक केलं. मला महानसिक. भाऊजींना हत्तीवरचा.

धाकटी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "त्या खांबाला पाण्याची सवय झाली होती का?"

हो, मी म्हटलं. तिने खांबाचं चित्र काढलं आणि भोवती निळा रंग नव्हता म्हणून पेन्सिलीने लाटा काढल्या, वरपर्यंत. खांब पुन्हा तळ्यात.

त्यानंतर सिरपूरच्या मूर्ती बघितल्या. चांदीचा डोळा शोधायचा खेळ केला. ते पाच मिनिटांत झालं आणि छान झालं. तिसरी वस्तू मुलांनी निवडायची होती. ती दोघं वर आदिवासी जीवनाच्या देखाव्यांकडे गेली, आणि तिथे मात्र मी अडकले. रानगव्याच्या शिंगांचा शिरपेच, ढोल, दागिने, माणसाएवढे पुतळे. थोरल्याने बराच वेळ बघून विचारलं, "हे लोक आता नाहीत का?"

मला चटकन बोलता आलं नाही. भाऊजी पुढे आले. गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आले आणि म्हणाले, "आहेत. माझ्याशी फोनवर बोलतात. तुला हाटात घेऊन जाईन, तिथे भेटतील. काहींची मुलं तुझ्याएवढी आहेत, शाळेत जातात, सायकल चालवतात. हा शिरपेच नाचाच्या दिवशी घालतात." मग माझ्याकडे बघून उठले. पुढे काय बोलणार ते मला कळलं होतं, पण ते मुलांसमोर बोलले नाहीत.

खाली उतरून आम्ही गढकलेवात बसलो. हे संग्रहालयाच्या आवारातच आहे, 2016 पासून. छत्तीसगडी पदार्थ मिळतात. मुलांनी चिला घेतला, भाऊजींनी फरा, मी ठेठरी बांधून घेतली. पोरं वह्या उघडून बसली आणि आमचा वाद पुन्हा सुरू झाला.

भाऊजी: वरचा प्रश्न ऐकलात ना? काचेआड माणसाचा पुतळा उभा केला की मुलाला ती माणसं मेलेली वाटतात. शिवाजी महाराजांचा पुतळा असतो, तसा मारिया आदिवासींचा पुतळा. हा माझा मुख्य आक्षेप आहे, वहिनी. हात लावू नका वगैरे दुय्यम.

मी: तो मला मान्य आहे. पूर्णपणे. वरच्या दालनात मुलाला एकटं सोडू नये. त्या माणसांना ओळखणारं कुणीतरी सोबत हवं. आज तुम्ही होतात म्हणून निभावलं.

भाऊजी: आणि तुमचा खांब. तोही माझ्याच बाजूने बोलतो. पाण्यात होता तोवर अठराशे वर्षं टिकला, वर काढला आणि गेला. वस्तू तिच्या जागेवरून हलवली की तिचं हेच होतं.

मी: त्याला कुणी संग्रहालयासाठी वर काढलं नाही. तळं आटलं होतं. दुष्काळात लोक गाळ काढतात, आणि काढायलाच हवा. वस्तू जागेवरच राहाव्यात हे ठीक, पण जागाच राहत नाही, भाऊजी. तळी आटतात, धरणं होतात, रस्ते होतात. तेव्हा त्या वस्तूला छप्पर कोण देणार?

भाऊजी: तिला छपराने वाचवलं नाही. एका गावच्या पंडिताच्या हाताने वाचवलं. हात, वहिनी. मी कालपासून हेच सांगतो आहे.

मी: आणि मी आज त्याच हातात पेन्सिल दिली. घडव्याच्या अंगणात मूल हाताने मेण वळेल. इथे ते हाताने रेघ वळतं. मूर्तीला हात लावता येत नाही हे खरं. पण चित्र काढताना डोळा त्या वस्तूच्या कडेकडेने फिरतो, प्रत्येक वळणावर थांबतो. तीस वर्षं शिकवून माझी खात्री झाली आहे की तो स्पर्शच असतो. ज्या मुलाने एखादी वस्तू काढली, त्याने ती पाहिली. बाकीच्यांनी ती ओलांडली.

भाऊजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सोनाबाईंचा विषय काढला.

भाऊजी: सरगुजातल्या पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार. नवऱ्याने वर्षानुवर्षं घराबाहेर पडू दिलं नाही. घरात लहान मूल, खेळणं एक नाही. मग त्या बाईने माती घेतली आणि पोराला खेळणी करून दिली. खेळण्यांवरून भिंतीवर आली, बांबूच्या कामट्यांची जाळी करून त्यावर माती, जाळीत पक्षी, माकडं, माणसं. सगळं घर भरून गेलं. तिने कुठलं संग्रहालय पाहिलं होतं? एका पोराला खेळायला काही नव्हतं, एवढंच कारण.

मी: आणि आपल्याला ती कशी कळली? 1983 मध्ये भोपाळच्या भारत भवनासाठी लोककला शोधणारी माणसं गावोगाव हिंडत होती, ती तिच्या दारात पोचली म्हणून. भारत भवनही संग्रहालयच.

भाऊजी: ते तिच्या दारात गेले. तेच म्हणतो मी. संग्रहालयाने चालत जावं.

यावर मला काही बोलायचं नव्हतं, कारण ते बरोबर आहे. मी फक्त केळकरांची आठवण काढली. पुण्याला आपण सगळे ज्याला केळकर संग्रहालय म्हणतो, त्याच्या नावात 'राजा' हा शब्द आहे आणि बहुतेकांना तो राजेरजवाड्यांचा वाटतो. राजा हा दिनकर केळकरांचा मुलगा. सातव्या वर्षी गेला. वडील दिवे, अडकित्ते, वाद्यं, खेळणी गोळा करत देशभर फिरले, घरादारावर खर्च केला, सगळ्याला मुलाचं नाव दिलं, आणि शेवटी सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. आमच्या नातवंडांच्या घरापासून ते दोन बसथांब्यांवर आहे. ती अजून तिथे गेलेली नाहीत. हे मी भाऊजींना सांगितलं तेव्हा माझाच आवाज चिरकला.

"पुण्याला गेल्यावर न्या," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि मे महिन्यात कोंडागावला मी नेतो. ऊन असेल. पण भट्टीपुढे उभं राहायचं तर ऊन सोसायची तयारी हवीच."

भाऊजींचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. घरी येताना रिक्षात ते पुन्हा म्हणाले की पुतळ्यांचं दालन त्यांना खटकतं आणि खटकत राहील. मलाही आता खटकतं. पण रात्री झोपताना थोरल्याने आईला पुण्याला फोन लावला आणि वाघाबद्दल नाही, मॉलबद्दल नाही, धावकाबद्दल सांगितलं. निरोप घेऊन पळणारा माणूस, ज्याचं नाव कुणाला माहीत नाही. फोन ठेवल्यावर त्याने वही उशाखाली ठेवली.

रायपुरातल्या आईबाबांना, आजीआजोबांना माझी विनंती आहे. या थंडीत एका सकाळी मुलांना तिथे न्या. कोरी वही आणि पेन्सिल द्या, तासाभरात परत निघा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. पाट्या आपण आधी वाचून ठेवा, मुलांना वाचायला लावू नका. ओळखीत बस्तरकडचं, सरगुजाकडचं कुणी असेल तर त्यांना सोबत घ्या. किरारीचा खांब चुकवू नका. संग्रहालय सोमवारी बंद असतं.